२१४७४८३६४७ : या संख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणिताची आवड असलेल्यांना ही संख्या अठराव्या शतकातल्या ऑयलर या गणितज्ञाच्या नावासोबत भेटते. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना ती डेटाबेसमध्ये भेटते, बहुधा नको त्या वेळी. दोन्हीकडचे प्रश्न इथे मुद्दाम एकत्र घेतले आहेत. कम्प्युटरमधली मर्यादा म्हणून ही संख्या रोज पाहणाऱ्यांना तिच्यामागचं गणित माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जी आकडेमोड हाताने तपासता येते ती पूर्ण दिली आहे, तेव्हा कागद-पेन जवळ ठेवा. या पानावर २^३१ म्हणजे २ चा ३१ वा घात.

ही संख्या वाचायची कशी, आणि ती येते कुठून?

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. स्वल्पविराम देऊन लिहिली तर २,१४,७४,८३,६४७.

एकतीस वेळा २ घेऊन गुणाकार केला की २१४७४८३६४८ येतात. त्यातून १ वजा केला की ही संख्या मिळते, म्हणजे २^३१ − १. दुसरीकडूनही तिथेच पोचता येतं: १ + २ + ४ + ८ असं दुप्पट-दुप्पट करत ३१ पदांची बेरीज केली तर हीच संख्या येते. म्हणून द्विमान पद्धतीत ती सरळ एकतीस वेळा १ अशी लिहिली जाते. शेवटी ७ का, हेही लगेच दिसतं. दोनाच्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात. ३१ ला ४ ने भागलं की बाकी ३ उरते, म्हणून शेवटी ८, आणि १ वजा केल्यावर ७.

ती मूळ संख्या आहे का?

हो. तिला १ आणि ती स्वतः यांच्याशिवाय विभाजक नाही. २, ३, ५, ७ अशी मूळ संख्यांची रांग लावली तर तिचा क्रमांक १०,५०,९७,५६५ वा लागतो.

मग २ च्या कुठल्याही घातातून १ वजा केला की मूळ संख्याच मिळते का?

नाही. घातांक संयुक्त, म्हणजे लहान संख्यांच्या गुणाकाराने बनलेला, असेल तर उत्तरही हमखास संयुक्त येतं. उदाहरणार्थ १५ = ३ × ५ आहे, म्हणून २^१५ − १ = ३२७६७ ला २^३ − १ = ७ नेही भाग जातो आणि २^५ − १ = ३१ नेही. म्हणजे घातांक मूळ असणं गरजेचं आहे, पण तेवढ्याने काम होत नाही. ११ मूळ आहे, तरी २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. घातांक २३, २९, ३७ घेतले तरी हीच गत: २^२३ − १ ला ४७ ने, २^२९ − १ ला २३३ ने आणि २^३७ − १ ला २२३ ने भाग जातो. अशा सगळ्या फसलेल्या शेजाऱ्यांमध्ये ३१ टिकून राहतो, आणि म्हणूनच तो सिद्ध करणं महत्त्वाचं होतं.

या रूपातल्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९ यांच्यानंतर ३१ येतो, म्हणजे आपली संख्या आठवी मर्सेन मूळ संख्या आहे.

ऑयलरच्या आधी कुणाला हे माहीत होतं का?

अंदाज होता, सिद्धता नव्हती. इटलीतल्या बोलोन्याच्या पिएत्रो कताल्दीने २^१७ − १ आणि २^१९ − १ या संख्या मूळ असल्याचं भागाकार करून तपासलं होतं. त्यापुढे त्याने २३, २९, ३१ आणि ३७ हे घातांकही चालतील असं लिहून ठेवलं. त्यातला फक्त ३१ बरोबर निघाला. फ्रान्समधला धर्मगुरू मारँ मर्सेन याने १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी दिली. तिच्यात ३१ आहे, पण ६७ आणि २५७ हे चुकीचे घातांकही आहेत, आणि ६१, ८९, १०७ हे बरोबर घातांक राहून गेले आहेत. एवढ्या चुका असूनही नाव त्याचंच लागलं.

ऑयलरने ती मूळ आहे हे कसं सिद्ध केलं? कम्प्युटर नसताना?

या पानावरचा हा माझा सर्वांत आवडता प्रश्न, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

एखादी संख्या मूळ आहे का हे पाहायचं तर तिच्या वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी तिला भागून पाहावं लागतं. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६०० आहे आणि ४६३४१ चा वर्ग आपल्या संख्येच्या पुढे जातो. म्हणजे ४६३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या घ्यायच्या. त्या पावणेपाच हजारांहून जास्त आहेत. दहा अंकी संख्येला तेवढ्या वेळा हाताने भागायचं म्हणजे महिनोन्महिन्यांचं काम, आणि एकाही भागाकारात चूक झाली तर सगळी मेहनत वाया.

ऑयलरने आधी हा विचार केला की विभाजक असलाच तर तो दिसेल कसा. समजा प ही मूळ संख्या २^३१ − १ ला भाग घालवते. मग २^३१ ला प ने भागलं की बाकी १ उरते. दोनाच्या घातांना प ने भागत गेलं की बाक्या एका ठरावीक लांबीच्या चक्रात फिरतात. ३१ व्या घाताला बाकी १ आली, म्हणजे चक्राची लांबी ३१ ला भाग घालवणारी हवी. ३१ मूळ आहे आणि लांबी १ असूच शकत नाही, म्हणून ती ३१ च. आता फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार २^(प−१) ची बाकीही १ असते, तेव्हा प − १ हा ३१ च्या पटीत हवा. शिवाय प विषम आहे, म्हणजे प − १ सम आहे. दोन्ही एकत्र केलं की प ला ६२ ने भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे.

एवढ्यावरच बहुतेक उमेदवार गळाले. ऑयलर त्याच्याही पुढे गेला. २^३१ ची बाकी १ असेल तर २^३२ ची बाकी २ असते. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे प च्या हिशेबात २ ही एका वर्गाची बाकी झाली. आणि हे फक्त तेव्हाच घडतं जेव्हा प ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ उरते.

आता ६२ ची अट आणि ८ ची अट जोडू. ६२ ने भागून बाकी १ देणाऱ्या संख्यांना २४८ ने भागलं तर बाकी १, ६३, १२५ किंवा १८७ येते. याच चार बाक्यांना ८ ने भागलं की अनुक्रमे १, ७, ५, ३ उरतात. ५ आणि ३ चालत नाहीत, म्हणून १२५ आणि १८७ बाद. उरल्या फक्त दोन प्रकारच्या संख्या: २४८ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या आणि २४८ च्या पटीत ६३ मिळवून येणाऱ्या. ४६३४० च्या आत, खुद्द ६३ सोडला तर, त्या एकूण ३७२ भरतात. त्यातल्या ज्या स्वतःच संयुक्त आहेत त्या गाळल्या की प्रत्यक्ष भागाकार ऐंशीच्या आसपास उरतात. पावणेपाच हजारांवरून ऐंशीवर, तेही एकही भागाकार न करता.

सुरुवात करून पाहा. २४९ = ३ × ८३, गेला. ३११ मूळ आहे, म्हणून भागायलाच हवं: २१४७४८३६४७ = ३११ × ६९०५०९२ + ३५. बाकी ३५, म्हणजे ३११ विभाजक नाही. पुढे ४९७ = ७ × ७१, ५५९ = १३ × ४३, ७४५ च्या शेवटी ५, ८०७ = ३ × २६९, ९९३ = ३ × ३३१, १०५५ च्या शेवटी पुन्हा ५, १२४१ = १७ × ७३. हे सगळे आपोआप गळतात. मग येतो १३०३. तो मूळ आहे आणि त्याने भागलं की बाकी २२६ उरते. असंच ४६३४० पर्यंत जायचं. एकदाही बाकी शून्य येत नाही.

ऑयलरने हा निकाल १७७२ मध्ये बर्नुली घराण्यातल्या एका गणितज्ञाला पत्राने कळवला. तेव्हा तो सेंट पीटर्सबर्गमध्ये होता, पासष्टीला आलेला, आणि आदल्या वर्षीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्याची दृष्टी जवळपास पूर्ण गेली होती. हे वाचल्यापासून वरच्या दोन अटी मी वेगळ्या आदराने पाहतो. ज्याला कागद दिसत नाही, तो आधी डोक्यात काम कमी करून घेतो.

सर्वांत मोठी माहीत असलेली मूळ संख्या हा मान तिच्याकडे किती काळ होता?

साधारणपणे १७७२ ते १८६७ धरतात, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं. १८६७ मध्ये फ्रान्सच्या लांद्रीने २^५९ − १ चे अवयव पाडले, आणि त्यातला मोठा अवयव ३२०३४३१७८०३३७ ही मूळ संख्या तिच्या पुढे गेली.

मधल्या काळातली एक नोंद सांगण्यासारखी आहे. इंग्लंडच्या पीटर बार्लोने १८११ च्या आपल्या पुस्तकात या संख्येपासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येबद्दल (ती म्हणजे काय, ते पुढच्या प्रश्नात) लिहिलं की यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण त्या नुसत्या कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, आणि पुढची शोधायला कुणी बसणार नाही. पण लोक बसले. १८७६ मध्ये फ्रान्सच्या ल्युकाने २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवलं, १८८३ मध्ये पेर्वुशिन नावाच्या रशियन धर्मगुरूने २^६१ − १ सिद्ध केली. आज माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या २^१३६२७९८४१ − १ आहे. ती ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली आणि तिला चार कोटींहून जास्त अंक आहेत.

परिपूर्ण संख्येशी तिचा संबंध काय?

स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच येते ती परिपूर्ण संख्या. ६ = १ + २ + ३, २८ = १ + २ + ४ + ७ + १४. प्रत्येक मर्सेन मूळ संख्येपासून अशी एक संख्या मिळते. आपल्या संख्येला २^३० ने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही एकोणीस अंकी आठवी परिपूर्ण संख्या येते. सम परिपूर्ण संख्या याच एका मार्गाने मिळतात, आणि हेही ऑयलरनेच सिद्ध केलं.

हनोईचा मनोरा आणि ही संख्या, हे काय आहे?

तीन खांब, एकावर मोठ्यापासून लहानापर्यंत रचलेल्या चकत्या. एका वेळी एकच चकती हलवायची आणि लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही. ३१ चकत्यांचा मनोरा दुसऱ्या खांबावर न्यायला कमीत कमी २१४७४८३६४७ चाली लागतात. हे कोडं १८८३ मध्ये ल्युकाने काढलं. वरच्या उत्तरात मूळ संख्यांसाठी आलेला ल्युका तो हाच.

कम्प्युटरमध्ये हीच संख्या कमाल मर्यादा का?

बिट म्हणजे ० किंवा १ मावणारी एक जागा. ३२ बिटांच्या जागेत पूर्णांक ठेवताना एक बिट चिन्हासाठी जातो, ३१ उरतात. त्या सगळ्यांत १ भरले की जास्तीत जास्त २^३१ − १. त्यात आणखी १ मिळवला तर बऱ्याच यंत्रांवर उत्तर −२१४७४८३६४८ असं ऋण येतं. जावा, सी शार्प या भाषांमधला किंवा मायएसक्यूएल या डेटाबेसमधला साधा 'इंट', म्हणजे पूर्णांकाचा नेहमीचा प्रकार, एवढाच असतो.

डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबने जाहीर केलं की 'गंगनम स्टाइल' या गाण्याचे व्ह्यूज या मर्यादेपलीकडे गेल्यामुळे मोजणी ६४ बिटांवर नेली आहे. त्यानंतर बऱ्याच लोकांना हा आकडा पहिल्यांदा कळला.

पैशांच्या हिशेबातही जपावं. रक्कम पैशांत साठवायची पद्धत चांगली आहे, पण साध्या इंटमध्ये साठवलीत तर २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैशांना जागा संपते. मोठ्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या हिशेबाला किंवा कारखान्याच्या ऊसबिलाला हा आकडा काहीच नाही.

आमच्या डेटाबेसमध्ये सगळ्या ग्राहकांचा मोबाइल नंबर २१४७४८३६४७ दिसतो. हॅक झालं का?

नाही. नंबरचा कॉलम इंट ठेवला आहे. भारतातल्या पोरापोरींना प्रोग्रॅमिंग शिकवताना हा घोळ हमखास दिसतो, आणि आपल्याकडे तो इतका पुरेपूर का होतो याला कारण आहे. आपले मोबाइल नंबर दहा अंकी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. सर्वांत लहान म्हटला तरी सहा अब्जांच्या घरात, आणि इंटची मर्यादा दोन अब्ज चौदा कोटी. म्हणजे आपला एकही मोबाइल नंबर त्यात बसत नाही. मायएसक्यूएल सैल मोडमध्ये असेल तर तो तक्रार न करता जमेल तेवढी मोठी किंमत ठेवतो, आणि ती हीच. फॉर्म भरला जातो, 'सेव्ह झालं' असा संदेश येतो, आणि खरा नंबर तिथेच कायमचा जातो. मागाहून कॉलम बदलला तरी गेलेले नंबर परत येत नाहीत. ते बॅकअपमधून, लॉगमधून किंवा ग्राहकाला पुन्हा विचारूनच मिळवावे लागतात.

पुष्कळांना वाटतं की इंट(१०) लिहिलं म्हणजे दहा अंक मावतील. तो कंसातला १० फक्त दाखवण्याची रुंदी सांगतो, साठवायच्या जागेशी त्याचा संबंध नाही. योग्य उपाय म्हणजे नंबर मजकूर म्हणून, व्हारचारमध्ये ठेवणं. फोन नंबरची कुणी बेरीज-वजाबाकी करत नाही, आणि पुढे +९१ किंवा शून्य लावायचं असेल तर मजकूरच हवा. आधार क्रमांकालाही तेच लागू. नव्या आवृत्त्यांमध्ये कडक मोड आपोआप चालू असतो आणि 'आउट ऑफ रेंज' अशी त्रुटी येते. ती त्रुटी दिसली म्हणून मोड सैल करू नका, कॉलम बदला.

अमेरिकेत २१४ हा डॅलसचा एरिया कोड आहे. त्यामुळे तिकडे हीच संख्या चक्क खऱ्या फोन नंबरसारखी दिसते, आणि घोळ आणखी उशिरा लक्षात येतो.

२०३८ सालचा प्रश्न म्हणजे हाच का?

हो. युनिक्स या कार्यप्रणालीच्या घड्याळात वेळ १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रिनिचच्या वेळेनुसार, सेकंदांत मोजतात. हा मोजणारा आकडा ३२ बिटांचा असेल तर २१४७४८३६४७ सेकंदांना भरतो, म्हणजे २४८५५ दिवस, ३ तास, १४ मिनिटं आणि ७ सेकंदांनी. भारतीय वेळेप्रमाणे तो क्षण मंगळवार, १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. पुढच्या सेकंदाला न सुधारलेलं यंत्र ग्रिनिच वेळेने १३ डिसेंबर १९०१ दाखवेल. आजचे फोन आणि लॅपटॉप ६४ बिटांवर गेले आहेत. काळजी करावी ती एकदा बसवून वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेल्या यंत्रांची, जुन्या फाइल-रचनांची आणि डेटाबेसमधल्या टाइमस्टॅम्प कॉलमची. कर्जाचा हप्ता किंवा विम्याची मुदत २०३८ च्या पुढे जात असेल, तर प्रश्न आजच समोर येतो.

याच जातीचं एक प्रकरण २०१५ मध्ये विमानांच्या बाबतीत निघालं होतं. अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकाने बोइंग ७८७ च्या मालकांना सांगितलं की सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर जनरेटर नियंत्रकांमधला एक मोजक ओसंडतो आणि वीज जाऊ शकते. सेकंदाचे शंभरावे भाग २^३१ इतके झाले असं मानून दिवस काढून पाहा: २४८.५५ येतात.

मर्यादा आणि मूळ संख्या हे दोन्ही एकाच संख्येत असणं, यात काही योजना आहे का?

योजना नाही. बिट ८, १६, ३२, ६४ असे दुप्पट होत गेले हे अभियंत्यांनी ठरवलं, आणि चिन्हाचा एक बिट वजा गेल्यावर घातांक ७, १५, ३१, ६३ उरले. २^७ − १ = १२७ मूळ आहे. २^१५ − १ = ३२७६७ = ७ × ३१ × १५१, संयुक्त. २^३१ − १ मूळ. ६४ बिटांची मर्यादा २^६३ − १ पुन्हा संयुक्त, तिला ७ ने दोनदा भाग जातो. १२८ बिटांना मात्र २^१२७ − १ येते, म्हणजे ल्युकाची मूळ संख्या. ज्या आकाराची यंत्रं जगभर सर्वांत जास्त काळ वापरात राहिली, त्याच आकाराच्या काठावर ऑयलरची मूळ संख्या बसलेली असावी, ही गोष्ट मला आजही फार सुंदर वाटते. आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी तिचा फायदा करून घेतला. पुढचा प्रश्न त्याबद्दलच आहे.

यादृच्छिक आकडे तयार करण्यात ती कशी वापरतात?

१९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी किमान दर्जा म्हणून सुचवलेली रीत अगदी सोपी आहे. हातातल्या संख्येला १६८०७ ने गुणा आणि २१४७४८३६४७ ने भागून उरलेली बाकी पुढची संख्या म्हणून घ्या. १ पासून सुरुवात केली तर १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३, असं पुढे.

संख्या मूळ असल्यामुळे बाकी कधीच शून्य होत नाही. आणि १६८०७ नीट निवडलेला आहे. तो ७ चा पाचवा घात आहे, आणि ७ चे घात घेत गेलं तर १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या बरोबर एकदा येते. पाचवा घात घेतल्याने हा गुण जात नाही, कारण २१४७४८३६४६ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१, आणि यात ५ नाही. म्हणजे दोन अब्जांहून जास्त आकडे दिल्याशिवाय रांग पुन्हा सुरू होत नाही. मोठ्या प्रयोगांना आज ही रीत अपुरी पडते, आणि पासवर्ड किंवा ओटीपीसाठी तर ती कधीच वापरू नये. एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात.

तिने भागायला सोपं जातं म्हणतात ते का?

९ ने भागून बाकी काढायची तर आपण अंकांची बेरीज करतो, कारण १० ची बाकी १ येते. इथे २^३१ ची बाकी १ येते. म्हणून मोठी संख्या द्विमान पद्धतीत लिहायची, उजवीकडून ३१-३१ अंकांचे गट पाडायचे आणि गटांची बेरीज करायची. भागाकार करावाच लागत नाही.

ती दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का?

नाही. चारने भागून तिची बाकी ३ येते, आणि दोन वर्गांच्या बेरजेची अशी बाकी कधीच येत नाही. आठने भागून बाकी ७ येते, म्हणून तीन वर्गही पुरत नाहीत. चार मात्र नक्की पुरतात, हे लाग्रांजचं प्रमेय. एक मांडणी: ४६३३९² + ४२२² + ४१² + ३१². बेरीज करून बघा, त्या ३१ कडे लक्ष द्या. तो तिथे येणं हा निव्वळ योगायोग.

तिच्या शेजारच्या मूळ संख्या कोणत्या?

आधीची २१४७४८३६२९, नंतरची २१४७४८३६५९. २१४७४८३६४९ ला ३ ने भाग जातो, पण त्या भागाकाराचं उत्तर ७१५८२७८८३ पुन्हा मूळ आहे.

२ चा २१४७४८३६४७ वा घात घेऊन १ वजा केला तर?

विचार करण्यासारखा प्रश्न आहे, कारण ३१ हा स्वतः २^५ − १ आहे. म्हणजे आपली संख्या आधीच दुहेरी मर्सेन आहे. ७, १२७, २१४७४८३६४७ आणि २^१२७ − १ या चारच दुहेरी मर्सेन मूळ संख्या आज माहीत आहेत. आणखी एक पायरी चढलं की चौसष्ट कोटींहून जास्त अंकांची संख्या मिळते, आणि ती मूळ नाही. तिला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो. ऑयलरची पहिली अट इथेही दिसते: हा विभाजक बरोबर १३७४९० × २१४७४८३६४७ + १ एवढा आहे. दुसरी अटही पाळली जाते, आठने भागून बाकी ७.

मला स्वतःला ती मूळ असल्याचं तपासायचं असेल तर?

ल्युका–लेमर चाचणी वापरा. ४ पासून सुरुवात करायची. दर वेळी वर्ग करायचा, २ वजा करायचे आणि मर्सेन संख्येने भागून बाकी घ्यायची. घातांकापेक्षा २ ने कमी इतक्या पायऱ्यांनंतर शून्य आलं तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त. आधी २^५ − १ = ३१ वर हात बसवा. तीन पायऱ्या: ४ चा वर्ग १६, वजा २, १४. मग १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४, आणि ३१ ने भागून बाकी ८. मग ८ चा वर्ग ६४, वजा २, ६२, बाकी शून्य. ३१ मूळ.

आपल्या संख्येसाठी २९ पायऱ्या लागतात. पहिल्या चार सोप्या आहेत: १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४. तिथपर्यंत भागायचीही गरज पडत नाही. पाचव्या पायरीपासून वर्ग एकोणीस अंकांपर्यंत जाऊ शकतात, तेव्हा साधा कॅल्क्युलेटर शेवटचे अंक गाळेल. पायथॉनसारखी मोठे पूर्णांक जसेच्या तसे सांभाळणारी भाषा घ्या, किंवा वर सांगितलेली ३१-३१ अंकांच्या गटांची रीत वापरून हातानेच करा. एकोणतिसाव्या पायरीला शून्य येतं.